मुद्रित पाठ आणि श्रुत पाठ

मुद्रित अक्षर ज्यांस डोळ्यांनी वाचता येत नाही अशा विद्यार्थ्यांच्या पाठ्यग्रंथांची चर्चा आपल्याकडे बहुधा सहानुभूतीच्या नाही तर कायद्याच्या अंगाने होते. कायद्याची अडचण आता फारशी उरलेली नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने अशा वाचकांसाठी ग्रंथाचे सुगम रूप सिद्ध करण्यास मोकळीक दिली. २०१३ च्या मराकेश करारास अनुसमर्थन देणारा भारत हा तर पहिला देश होय. उरला आहे तो लिपीचा प्रश्न, आणि भाषाविभागांनी तो आपला मानल्याचे क्वचितच दिसते.

युनिकोडपूर्व फाँटात जुळविलेले मराठी पुस्तक संगणकाच्या पडद्यावर निर्दोष दिसते. तथापि त्याच्या पोटी देवनागरी नसतेच. रोमन वर्णांच्या सांकेतिक जागी देवनागरीचे आकार बसविलेले असतात. पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारी आज्ञावली आकार पाहत नाही, संकेत वाचते. परिणामी विद्यार्थ्याच्या कानी निरर्थक गोंगाट पडतो. ऱ्हस्व इकाराचे उदाहरण बोधप्रद आहे. 'कि' मधील वेलांटी डोळ्यास ककाराच्या आधी दिसते व जुन्या फाँटांत ती त्याच क्रमाने साठविलेली असते. युनिकोडमध्ये आणि भारती ब्रेलमध्ये मात्र ती उच्चारानुसार नंतर येते. या बाबतीत ब्रेल छापील देवनागरीहून अधिक ध्वनिनिष्ठ ठरते. (लिपिविचार शिकविताना हा दाखला घेण्यास हरकत नसावी.)

जुनी पाने यंत्राकडून ओळखवून घेतली तरी काम संपत नाही. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील भेद केवळ रकाराच्या खुणेचा. ती चंद्राकृती खूण निसटली की आचाऱ्याची मजुरी आचार्यांच्या पदरी पडते! डोळस वाचक छापील पान पाहून चूक सावरतो. श्रोत्याजवळ ते पान नसते.

वाक्यरचनेचे वृक्षालेख याहून दुर्घट मानले जातात, ते तितके नाहीत. चित्र म्हणून चिकटविलेला आलेख मुका राहतो खरा. परंतु तीच रचना कंसांनी मांडण्याची पद्धत वाक्यविचारात रूढ आहे: [वाक्य [नामपदबंध मुलगा] [क्रियापदबंध [नामपदबंध आंबा] [क्रियापद खातो]]]. ही मांडणी ऐकता येते, ब्रेलमध्ये उमटते, आणि तीत आलेखातील एकही संबंध गळत नाही. कंस वाढले म्हणजे ते ध्यानी ठेवणे जड जाते, हेही नाकारता येणार नाही. अशा वेळी लांब वाक्य कोठे फोडावे हे ठरविणे ग्रंथालयातील लेखनिकाचे काम नव्हे. ते विषय शिकविणाऱ्याचेच आहे, आणि सत्र सुरू होण्यापूर्वीचे आहे.