परीकथेचे दोन श्रोते

श्रावणातल्या शुक्रवारच्या कहाणीत गरीब बहीण बोलावणं नसताना भावाच्या घरी जेवायला जाते आणि तो तिला हाताला धरून पंगतीतून उठवतो. पुढे देवीच्या कृपेने तिचे दिवस पालटतात, तेव्हा तोच भाऊ आग्रहाने बोलावतो. पानावर बसल्यावर ती अंगावरचे दागिने उतरवून ठेवते आणि एकेका दागिन्यावर एकेक पक्वान्न वाढू लागते. पोरांना गंमत वाटते ती सोन्याला जेवू घालण्याची. शेजारी ऐकत बसलेल्या बाईला त्यात आपलं माहेर दिसतं. दोन्ही श्रोत्यांना एकाच गोष्टीत धरून ठेवायचं हे कसब आपल्या तोंडी परंपरेत होतं. लेखी मराठी गद्यात ते फार थोड्यांनी उचललं, आणि मला ही मोठी हानी वाटते.

इतर भाषांत हे कसब लेखी गद्यात आलं. डॅनिश परीकथाकार अँडरसनने १८३५च्या पहिल्या पुस्तिकेवर ‘मुलांसाठी सांगितलेल्या’ असं छापलं होतं. १८४३च्या संग्रहावरून ते शब्द त्याने काढून टाकले. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी ‘संदेश’ मासिकात १९१५ साली गुपी-बाघाची कथा लिहिली. तिच्यावर नातवाने, सत्यजित रायांनी, १९६९ साली काढलेला चित्रपट मुलांइतकाच मोठ्यांनीही पाहिला.

मासिकं आपल्याकडेही होती. ‘आनंद’ १९०६पासून, ‘किशोर’ १९७१पासून. उणीव होती ती लेखकाला मिळणाऱ्या मोकळिकीची. मुलांच्या गोष्टीने काहीतरी शिकवलंच पाहिजे, असा आग्रह संपादकांचा, पालकांचा आणि शाळेचाही. त्यामुळे राक्षस आले, पण त्यांची भीती वाटेनाशी झाली. मोठ्यांच्या कथेत वास्तववादाचा दरारा होता. तिथे अद्भुताला वाव मिळाला तो वि. स. खांडेकरांच्या रूपककथेत. पण तिथलं फूल किंवा दगड तात्पर्यापुरताच जगतो. अर्थ हाती लागला की गोष्ट पुन्हा वाचावीशी वाटत नाही.

जी. ए. कुलकर्णी यांनी हे तात्पर्याचं बंधन झुगारलं. ‘रमलखुणा’मधल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांत काळ अनाम आहे, भूमी अनोळखी आहे. नियती आणि शोध या परीकथेच्या जुन्या सामग्रीतून त्यांनी प्रौढांसाठी निष्ठुर, झळाळती सृष्टी उभी केली. त्याच लेखकाने ‘बखर बिम्मची’ लिहिली. तिच्यातल्या लहानग्या बिम्मला सगळं जग बोलतं वाटतं, आणि लेखक त्याला कुठेही सुधारायला जात नाही. आपली समीक्षा मात्र पहिलं पुस्तक गंभीरपणे तपासते आणि दुसऱ्याला विरंगुळा समजून बाजूला ठेवते. माझ्या मते बिम्मच्या पानांतलं एकटेपण ‘प्रवासी’पासून फार लांबचं नाही. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचल्याशिवाय जी.एं.ची कल्पनाशक्ती पुरती कळणार नाही.

रंगभूमीवर चित्र बरं आहे. तिथे मुलाच्या शेजारच्या खुर्चीत पालक बसलेला असतोच. रत्नाकर मतकरींनी हे ओळखून ‘निम्मा शिम्मा राक्षस’ आणि ‘अलबत्या गलबत्या’ ही नाटकं लिहिली. ‘अलबत्या गलबत्या’तली दिलीप प्रभावळकरांनी गाजवलेली चेटकीण २०१८मध्ये वैभव मांगले यांच्या रूपाने परतली, तेव्हा लहानपणी तिला घाबरलेले प्रेक्षक आपल्या मुलांना घेऊन नाट्यगृहात आले.

गद्याला असा वाचक मिळत नाही, कारण पुस्तकावर वयोगट छापला की मोठा माणूस ते आपल्यासाठी उघडत नाही. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्यांनी मुलांचं रोजचं जग फार जाणतेपणाने लिहिलं आहे. अद्भुताच्या बाजूला तेवढ्याच ताकदीचा, तेवढीच वर्षं टिकून लिहिणारा लेखक आज मला दिसत नाही. असा कुणी पुढे आला, तर प्रकाशकाने निदान त्याच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वय छापू नये.