शुक्राणूंचे प्रयोगशाळेतील ‘धुणे’ : एक चिकित्सा

प्रस्तावना :
वंध्यत्वावरील उपचारांत शुक्राणू गर्भाशयात सोडण्यापूर्वी किंवा टेस्टट्यूब पद्धतीत बीजांडाशी त्यांचा संयोग घडविण्यापूर्वी वीर्याचा नमुना प्रयोगशाळेत ‘धुतला’ जातो. ही प्रक्रिया अनावश्यक आहे असे कोणीही म्हणणार नाही. न धुतलेले वीर्य थेट गर्भाशयात गेल्यास त्यातील प्रोस्टाग्लँडिनमुळे तीव्र कळा येऊ शकतात. शिवाय वीर्यद्रव शुक्राणूंची फलनक्षमता रोखून धरतो, हे चँग यांनी १९५७ मध्ये सशांवरील प्रयोगांतून दाखविले होते. तथापि ‘धुणे’ हा शब्द फसवा आहे. कापडाचा मळ गेला तरी कापड तेच राहते. वीर्यद्रव मात्र मळ नव्हे. त्यात सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, क जीवनसत्त्व, युरिक आम्ल असे अँटिऑक्सिडंट घटक असतात. शुक्राणूजवळ स्वतःचे पेशीद्रव जवळजवळ नसल्याने संरक्षक विकरेही अल्प असतात, तर त्याचे पेशीपटल सहज ऑक्सिडीकरण होणाऱ्या असंपृक्त मेदाम्लांनी समृद्ध असते. म्हणजेच धुताना काढून टाकले जाते ते शुक्राणूचे कवच होय.

अपकेंद्रणाचा प्रश्न :
एटकेन व क्लार्कसन यांचे १९८८ मधील संशोधन या विषयात पायाभूत मानावे लागते. निवड न केलेले वीर्य सेंट्रिफ्यूजमध्ये वारंवार फिरविल्यास क्रियाशील ऑक्सिजन घटकांची निर्मिती एकदम वाढते, असे त्यांना आढळले. नळीच्या तळाशी जो गाळ बसतो त्यात सुदृढ शुक्राणूंसमवेत श्वेतपेशी आणि सदोष शुक्राणूही दाबले जातात. त्यांनी सोडलेल्या ऑक्सिजन घटकांची झळ शेजारच्या निरोगी पेशींना बसते. या शेजाराला वीर्यद्रवाचे संरक्षणही उरलेले नसते. याउलट शुक्राणूंना आधी पोहून वर येऊ दिले किंवा घनता-स्तरांतून गाळून घेतले, तर हानी कमी होते. मॉर्टिमर यांनी १९९१ मध्ये टेस्टट्यूब पद्धतीतील काही अपयशे उपचारजन्य असल्याचे स्पष्टपणे मांडले. १९९५ मध्ये शेकारिझ आणि सहकाऱ्यांनी फिरविण्याच्या वेगापेक्षा कालावधी अधिक घातक असल्याचे निदर्शनास आणले.

या सर्वांत आल्व्हारेझ आणि सहकाऱ्यांचा १९९३ मधील निबंध विशेष विचारार्ह वाटतो. अपकेंद्रणाने होणारी हानी ‘प्राणघातकाहून कमी’ असते, असे तेथे प्रतिपादन केले आहे. शुक्राणू त्या क्षणी मरत नाही, त्याचे चलनाचे आयुष्य घटते. धुतल्यानंतर लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास तो पोहताना दिसतो आणि नमुना ‘उत्तम’ ठरतो. काही तासांनंतरची त्याची अवस्था कोण पाहणार? बहुसंख्य तुलनात्मक अभ्यास या तात्काळ चलनशीलतेवरच विसंबतात, हा त्यांचा मूलभूत दोष होय.

घनता-स्तर पद्धतीही निर्दोष नाही. त्यासाठी वापरले जाणारे पर्कोल १९९६ मध्ये मानवी उपचारांतून मागे घेण्यात आले आणि सिलेन-लेपित सिलिका कणांची माध्यमे आली. परंतु २०१४ मध्ये एटकेन व सहकाऱ्यांनीच अशा माध्यमांतील धातूंचे अंश डीएनएला हानी पोहोचवू शकतात हे दाखविले. २०१६ मध्ये मुराटोरी आणि सहकाऱ्यांना या प्रक्रियेनंतर काही रुग्णांत डीएनएचे विखंडन घटण्याऐवजी वाढलेले आढळले. अशा जोडप्यांत गर्भधारणेचे प्रमाणही कमी होते. शुद्धीकरणाने अशुद्धी वाढावी, हा विरोधाभास नोंद घेण्याजोगा आहे. दुसरीकडे, गर्भाशयात शुक्राणू सोडण्याच्या उपचारासाठी कोणतीही एक पद्धत श्रेष्ठ ठरविण्याइतका पुरावा नाही, असे कॉक्रेन समीक्षेने २००७ मध्ये व पुन्हा २०१९ मध्ये म्हटले आहे.

नोंदींतील उणीव :
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० मधील पुस्तिकेत साध्या धुण्यासाठी गुरुत्वाच्या ३०० ते ५०० पट बल व ५ ते १० मिनिटे असे प्रमाण दिले आहे. प्रत्यक्षात मात्र ‘मिनिटाला १५०० फेरे’ एवढेच लिहून भागविण्याची सवय रूढ आहे. फिरणाऱ्या भागाची त्रिज्या १० सें.मी. असल्यास या फेऱ्यांनी गुरुत्वाच्या सुमारे २५० पट बल निर्माण होते, तर १६ सें.मी. असल्यास सुमारे ४०० पट. त्रिज्या न लिहिता दिलेला आकडा म्हणूनच निरर्थक ठरतो. (भौतिकशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ही चूक शोभणार नाही.)

हा मुद्दा केवळ तांत्रिक नाही. उपचार असफल झाल्यास जोडप्याच्या हाती जो अहवाल येतो, त्यात शुक्राणूंची संख्या, चलनशीलता व आकार यांचे रकाने असतात. नमुना किती मिनिटे, किती बलाने व किती वेळा फिरविला, धुण्यापूर्वी तो किती वेळ तसाच पडून होता, यासाठी रकाना नसेल, तर हाताळणीत झालेली हानीही पतीच्या शरीराचा दोष म्हणूनच वाचली जाते.