पालिचा विद्यार्थी आणि पालिचे संशोधन : एक परीक्षण

द्वितीय भाषा संपादन, म्हणजे मातृभाषेनंतर माणूस दुसरी भाषा कशी आत्मसात करतो याचा अभ्यास, ही गेल्या साठ वर्षांत आकारास आलेली ज्ञानशाखा आहे. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश अशा भाषांच्या संदर्भात ती वाढली. पालिच्या संदर्भात तिचा विचार आपल्याकडे जवळजवळ झालेला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबर पालिलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा सर्वत्र समाधान व्यक्त झाले आणि ते योग्यही होते. परंतु अभिजात ठरलेली भाषा शिकणारा कोण, तो ती कोणत्या वाटेने शिकतो आणि कोठे अडतो, हा प्रश्न त्या समाधानात मागे पडू नये, म्हणून पालिविषयक पदव्युत्तर संशोधनाच्या चालू रीतीचे परीक्षण करण्याचे आम्ही योजिले आहे.

पालि ही आज कोणाचीही मातृभाषा नाही. जो कोणी ती शिकतो, तो द्वितीय भाषा म्हणूनच शिकतो. श्रीलंकेतील श्रामणेर असो, म्यानमारमधील भिक्खू असो, की रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या वाडीत वंदना घेणारा बौद्धाचार्य असो, या तिघांचे नाते एकाच भाषेशी असले तरी त्यांची वाट निरनिराळी आहे, कारण तिघांची मातृभाषा निराळी आहे. ही साधी गोष्ट आपल्या संशोधनात कोठेच हिशेबात धरली जात नाही, हा आमचा पहिला आक्षेप आहे.

महाराष्ट्रातील पालि अध्ययनाचा आरंभ पाहिला तर या आक्षेपाचे मूळ ध्यानात येते. गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेले धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये श्रीलंकेत गेले आणि तेथील विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या सान्निध्यात पालि शिकले. पुढे १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालिचे अध्यापन केले. पु. वि. बापट, चिं. वै. राजवाडे, ना. के. भागवत यांच्यासारखे अभ्यासक त्या परंपरेतून पुढे आले आणि संपादक, भाषांतरकार व अध्यापक झाले. या पिढीचे ऋण मोठे आहे. तथापि हा विद्यार्थिवर्ग बहुतांशी अगोदरच संस्कृत शिकलेला होता. त्याला पालि शिकविताना संस्कृत रूप सांगावे आणि त्यात कोणता बदल होऊन पालि रूप सिद्ध होते ते दाखवावे, ही रीत सोयीची होती. त्या विद्यार्थ्यांसाठी ती चुकीचीही नव्हती.

१९५६ च्या धम्मक्रांतीनंतर मात्र पालिचा विद्यार्थी पार बदलला. ज्या समाजाला संस्कृतच्या दारातून शतकानुशतके परत पाठविण्यात आले, तो समाज पालिजवळ आला. खुद्द बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली, हे सर्वश्रुत आहे. अशा समाजातील विद्यार्थ्याला ‘आधी संस्कृत, मग पालि’ असे सांगणे म्हणजे नव्या घराला जुनेच दार बसविणे होय. विद्यार्थी बदलला आणि रीत तशीच राहिली. आजही अनेक पाठ्यपुस्तकांत ‘धम्म’ हा शब्द ‘धर्म’ या शब्दाचा अपभ्रंश म्हणून समोर येतो. आमचा आक्षेप केवळ भावनेचा नाही. अध्यापनशास्त्राच्या दृष्टीनेही ही रीत सदोष आहे, कारण जी भाषा विद्यार्थ्याला येत नाही तिच्या आधाराने ती दुसरी अपरिचित भाषा शिकवू पाहते.

या संदर्भात बाबासाहेबांच्या एका कार्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. त्यांनी पालि व्याकरण आणि पालि शब्दकोश यांवर परिश्रम घेतले होते. महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन व भाषणांच्या सोळाव्या खंडात ते साहित्य आले आहे. त्यातील एका कोशात पालि शब्दाचे अर्थ इंग्रजीबरोबर मराठी, गुजराती व हिंदी या भाषांतही दिलेले आहेत. कोशाची ही रचना लक्षणीय आहे. ज्याच्या ओठी मराठी, गुजराती किंवा हिंदी आहे, असा वाचक या कोशकाराच्या डोळ्यांसमोर होता. या खंडाचा आदराने उल्लेख पुष्कळ होतो, परंतु शिकणाऱ्याचे साधन म्हणून त्याची चिकित्सा अभावानेच होते.

मराठी भाषकाला पालि शिकताना कोणते साहाय्य घरूनच मिळते, याचा आता विचार करू. पालिप्रमाणे मराठीतही तीन लिंगे आहेत. पालितील ‘ळ’ हा वर्ण मराठी मुलाच्या जिभेवर आहेच. अभिजात संस्कृतात तो नाही आणि प्रमाण हिंदीतही नाही. ‘हत्थ, सत्त, अट्ठ, अज्ज’ यांच्याजवळ ‘हात, सात, आठ, आज’ ठेवले की नाते सांगावे लागत नाही. ‘तेन कतं’ ही रचना इंग्रजी भाषकाला उलटी वाटते, पण ‘त्याने केले’ म्हणणाऱ्या मराठी मुलाला ती आपलीच आहे. कर्ता तृतीयेत आणि क्रियारूप कर्माप्रमाणे, हा व्यवहार तो रोज करतो. ‘करून, जाऊन’ यांतील ‘ऊन’ हा प्रत्यय प्राकृतातील ‘ऊण’ या प्रत्ययाच्या द्वारे पालितील ‘तून’ या प्रत्ययाशी जोडलेला आहे. ही सर्व शिदोरी संस्कृतच्या आडवाटेने नेल्यास वाया जाते.

साहाय्याबरोबर अडथळेही घरूनच येतात. पालितील ‘च’ म्हणजे ‘आणि’. मराठीतील ‘च’ हे निश्चय दाखविणारे अव्यय आहे, आणि दोन्ही शब्दाच्या पाठीमागेच येतात. त्यामुळे मराठी विद्यार्थी समुच्चयाच्या जागी निश्चय वाचण्याचा संभव मोठा आहे. याहून गंभीर अडथळा अर्थाचा आहे. ‘वेदना’ म्हणजे मराठीत दुःखद पीडा. पालित मात्र सुखद, दुःखद आणि दोन्ही नव्हे अशी प्रत्येक अनुभूती ही वेदनाच होय. ‘विज्ञान’ म्हटले की मराठी मन प्रयोगशाळेकडे जाते. पालितील ‘विञ्ञाण’ म्हणजे जाणीव. ‘संस्कार’ म्हटले की मराठी घरात नामकरण, विवाह आठवतात. ‘सङ्खार’ या शब्दाचा आशय त्याहून फार वेगळा आहे. पाच स्कंधांपैकी तीन स्कंधांची नावे मराठी श्रोत्याला परिचित वाटतात आणि त्या परिचयामुळेच अर्थ निसटतो. हा केवळ शब्दार्थाचा घोटाळा नव्हे. येथे धम्माचे आकलनच चुकीच्या पायावर उभे राहते.

अशा चुकांकडे पाहण्याची दृष्टी द्वितीय भाषा संपादनाच्या अभ्यासाने दिली आहे. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये असे प्रतिपादन केले की, शिकणाऱ्याच्या चुका हा त्याच्या मनात घडत असलेल्या भाषेचा पुरावा आहे. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये या घडत्या भाषेला स्वतंत्र नाव दिले. मराठीत तिला आपण ‘अंतरभाषा’ म्हणू. ती मातृभाषाही नसते आणि साध्य भाषाही नसते, पण तिला स्वतःचे नियम असतात. आपल्या पालिवर्गांत चुकीवर तांबडी रेघ मारली जाते. ती नोंदवून ठेवली जात नाही. मराठी भाषकाची पालि कोणत्या टप्प्यांतून घडते, हे त्यामुळे लिहिले गेलेले नाही.

संशोधनासाठी मोठा पैसा व मोठी साधने लागतात, ही सबब येथे टिकत नाही. लिली वाँग फिलमोर यांनी १९७६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठास सादर केलेला पीएच. डी. प्रबंध पाच मुलांच्या निरीक्षणावर उभा होता. स्पॅनिश बोलणारी ही मुले इंग्रजी शिकत होती. ती आरंभी आख्खी वाक्ये ऐकून तशीच वापरीत आणि पुढे त्यांतील तुकडे सुटे करून नवी वाक्ये घडवीत, असे त्यांना आढळले. बॉनी नॉर्टन यांचे पीएच. डी. संशोधनही कॅनडात स्थलांतरित झालेल्या पाच स्त्रियांविषयी होते. शिकण्याची इच्छा असूनही त्या अनेकदा गप्प का राहत, याचे उत्तर त्यांनी त्या स्त्रियांच्या बुद्धीत शोधले नाही. त्यांना बोलू देणाऱ्या व न देणाऱ्या समाजसंबंधांत शोधले. या दोन्ही संशोधनांनी त्या ज्ञानशाखेतील विचाराला वळण लावले, आणि दोन्ही विद्यार्थिदशेतील आहेत.

आता आपल्या वंदनेकडे पाहावे. कोकणातील बौद्ध कुटुंबातील मूल लहानपणापासून पालि वाक्ये ऐकते व म्हणते. अर्थाविना पाठांतर म्हणून त्यास नावे ठेवली जातात, आणि वंदना केवळ मराठीतच असावी अशीही सूचना होते. फिलमोर यांच्या निष्कर्षाच्या प्रकाशात या वादाचे स्वरूप बदलते. पाठ असलेले वाक्य हा भाषेचा साठा आहे. ‘गच्छामि, वन्दामि, पूजेमि, समादियामि’ हे शब्द ज्याच्या ओठी आहेत, त्याला शेवटचा ‘मि’ दाखवून ‘मी’ जवळ ठेवला की उत्तमपुरुषी क्रियापद एका बैठकीत हाती येते. हा साठा मुलाजवळ आहे. तो सुटा करून देणारा शिक्षक व ती पद्धती नाही. वर्षावासात गावोगावी ग्रंथवाचन व प्रवचने होतात. बौद्धाचार्यांची प्रशिक्षण शिबिरे होतात. पाच बौद्धाचार्य किंवा पाच मुले निवडून वर्षभर त्यांच्या पालिची नोंद ठेवणारा प्रबंध आमच्या पाहण्यात नाही. प्रबंधांचे विषय बहुधा ‘अमुक ग्रंथातील तमुक संकल्पना’ याच साच्याचे असतात, आणि मूळ पालि बाजूस ठेवून इंग्रजी वा हिंदी भाषांतरावरच भागविण्याची प्रवृत्तीही त्यांत दिसते.

यावर आक्षेप येईल की, पालि बोलली जात नाही, म्हणून बोलभाषांविषयीचे सिद्धांत तिला लागू नाहीत. यात तथ्य आहे आणि ते आम्ही नाकारीत नाही. बाजारात भाजी घेताना घडणारा भाषाव्यवहार पालिला मिळणार नाही. परंतु श्रवण, पठण, वाचन व अर्थग्रहण हे व्यवहार तिला आहेत, आणि त्यांतूनही अंतरभाषा घडतेच. कोणता सिद्धांत कोठवर लागू पडतो, हे ठरविणे हाच संशोधनाचा विषय होऊ शकतो.

रत्नागिरीचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १८८५ मध्ये पदच्युत झालेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता. राजा होण्यापूर्वी त्याने विहारात शिक्षण घेऊन पालिची परीक्षा उत्तीर्ण केलेली होती. म्हणजे कोसंबी पालिसाठी समुद्र ओलांडून गेले, त्या काळात पालि जाणणारा मनुष्य कोकण किनाऱ्यावरच राहत होता. पहाऱ्याच्या भिंतीमुळे त्याचे ज्ञान कोणाच्या उपयोगी पडले नाही. उलट त्याची नात टू टू याच गावी वाढली, सामान्य माणसांत मिसळली आणि मराठी हीच तिची बोली झाली. एकाच कुटुंबात एक भाषा भिंतीआड राहिली आणि दुसरी शेजारातून सहज आली. ज्ञानी पुरुष जवळ असणे पुरेसे नसते. शिकणाऱ्यांचा आणि जाणणाऱ्यांचा व्यवहार जुळावा लागतो.

हा व्यवहार जुळविण्याचे काम विद्यार्थ्यांनाच करावे लागेल. अमेरिकेत द्वितीय भाषा संशोधनाची एक वार्षिक परिषद १९७० च्या दशकापासून चालत आलेली आहे आणि ती पदव्युत्तर विद्यार्थी स्वतः भरवितात. अपुरे, चालू असलेले संशोधन तेथे मांडता येते. आपला पालि संशोधक मात्र एकटा असतो. मार्गदर्शक शहरात, ग्रंथालय दूर, आणि जिल्ह्यात त्याच विषयाचा दुसरा विद्यार्थी कोण, हे त्याला ठाऊक नसते. ज्या परंपरेत संघाला शरण जाण्याचे वचन आपण रोज घेतो, तिच्या अभ्यासकांना संघ नसावा, ही विसंगती आहे.

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मणकुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् भाषेत घालण्याची अनुज्ञा मागितली. तथागतांनी ती नाकारली आणि ‘सकाय निरुत्तिया’ म्हणजे आपल्या बोलीत ते शिकण्यास संमती दिली. ‘आपल्या’ म्हणजे कोणाच्या, याविषयी मतभेद आहे. अट्ठकथाकार बुद्धघोष तो अर्थ बुद्धांच्या मागधीकडे नेतात, तर अनेक आधुनिक अभ्यासक तो शिकणाऱ्याच्या बोलीकडे नेतात. कोणताही अर्थ घेतला तरी उच्चवर्णीयांच्या भाषेची पायरी मध्ये नको, एवढे त्यातून निश्चित होते. आमच्या पालिवर्गांनी ती पायरी पुन्हा बसविली आहे. ती काढावयाची असेल तर मराठी भाषकासाठी मराठीतून रचलेले पालि व्याकरण हवे. फसव्या समान शब्दांचा कोश हवा. आणि विद्यार्थ्यांच्या चुकांची प्रामाणिक वही हवी. या तिन्ही गोष्टी रत्नागिरीतील पाच विद्यार्थी दर महिन्याला एका विहारात एकत्र बसूनही आरंभू शकतात. विद्यापीठाच्या अनुमतीची त्यासाठी वाट पाहण्याचे कारण नाही.