खडूच्या रेघेपलीकडचं घर

विसू यांचा ‘संसारम् अदु मिन्सारम्’ (१९८६) तुम्ही पाहिला नसेल, तरी त्याचा हिंदी अवतार, रेखा आणि अनुपम खेर यांचा ‘संसार’ (१९८७), कदाचित पाहिला असेल. तमिळ नावाचा अर्थ ‘संसार म्हणजे वीज’. मूळ चित्रपटाला उत्तम लोकप्रिय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आखाती देशांत राहून घरी पैसे पाठवणाऱ्या मराठी माणसाने तो पाहावा, असं मला वाटतं.

अम्मैयप्पन मुदलियार या मध्यमवर्गीय गृहस्थाचं भरलं घर. बायको बाळंतपणाला माहेरी गेली, म्हणून थोरला मुलगा चिदंबरम घरखर्चाचा आपला वाटा कमी करतो. वाद वाढतो. बाप ‘घराबाहेर हो’ म्हणतो, तर मुलगा बहिणीच्या लग्नात घातलेले पैसे परत मागतो. शेवटी बाप घराच्या मधोमध खडूने रेघ ओढतो. थोरली सून उमा तान्ह्या बाळाला घेऊन परतते, ती या दुभंगलेल्या घरात.

आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, आपल्याकडे महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ रंगमंचावर आलं होतं. तिथेही वडिलांच्या तेराव्याचा खर्च कुणी करायचा, यावरून घर उसवत जातं, आणि मुंबईहून आलेल्या सुधीरकडून पैशांची अपेक्षा असते. एलकुंचवार कुणालाच खलनायक करत नाहीत. विसू मात्र चिदंबरमला करतात, आणि तिथे चित्रपट कमी पडतो. चिदंबरमची भाषा कोरडी आहे, पण कुणी किती द्यायचं हा त्याचा प्रश्न खोटा नाही. त्या घरात तो भांडणाशिवाय विचारायची सोयच नाही. रेघ ओढणारा बापही हिशेबच मांडत असतो.

मोडलेलं सांधण्याचं काम उमाच्या अंगावर येतं. मोलकरीण कन्नम्मा (मनोरमा) हिला हाताशी धरून ती एकेक गाठ सोडवते. पुरुष रुसून बसतात आणि नुकती बाळंत झालेली बाई घर सावरते, हे विसूंना खटकत नाही. आज आपल्याला खटकायला हवं.

पण शेवट मात्र धीट आहे. सगळे पुन्हा एकत्र येतात, बाप सुखावतो, आणि तेव्हाच उमा सांगते की ती आणि चिदंबरम वेगळे राहतील. पुन्हा एका छताखाली आलो तर पुन्हा भांडू. दूर राहू, भेटत राहू आणि प्रेम टिकवू. एकत्र कुटुंबाच्या नावाने डोळे पुसायला आलेल्या प्रेक्षकाला हे ऐकवणं सोपं नव्हतं.

कुवेतमधून पाहताना हा शेवट वेगळा दिसतो. उमा वेगळं राहते ते स्वतः ठरवून, आणि मनात आलं की भेटता येईल इतक्या अंतरावर. इथे अब्बासियात किंवा फहाहीलमध्ये खोली वाटून राहणाऱ्या कितीतरी जणांचं अंतर कुटुंबाच्या व्हिसासाठी लागणाऱ्या पगाराने ठरवलेलं असतं. भेट वर्षातून एका रजेपुरती. मधल्या काळात घरी पोचतो तो शुक्रवारचा फोन आणि एक्स्चेंजमधून पाठवलेली रक्कम. मग त्या रकमेलाच मायेचं माप लागतं. एखाद्या महिन्यात ती कमी झाली की गावाकडे वाटतं पोरगा बदलला, आणि बहिणीच्या लग्नाचा, घराच्या स्लॅबचा खर्च पाठवणाऱ्याच्या मनात चिदंबरमसारखा साचत राहतो.

म्हणून चित्रपट पाहताना चिदंबरमवर लगेच चिडू नका. त्याने हिशेब फार उशिरा, आणि रागात मांडला. तुमच्या घरी तो शांतपणे मांडता येईल का, ते पाहा: पगार किती, इथला खर्च किती, दरमहा किती पाठवता येईल आणि किती वर्षं. हे बोलणं फोनवर अवघड जातं. पुढच्या रजेत, आईवडिलांसमोर बसून ते करा. आणि ते करताना बायकोला मध्यस्थ म्हणून पुढे करू नका.