पातळ भिंतीचं घर

मार्सेय शहरात समुद्राजवळ एक लहानसं घर भाड्याने घेतलेलं आहे. एका तरुणाला तिथे आणलं जातं; खोलीत तीन माणसं आहेत. दूना हे त्याचं नाव. त्याने संघटनेतल्या माणसाची खबर शत्रूला दिली, तेव्हा त्याची शिक्षा ठरलेलीच आहे. पिस्तूलही तयार आहे. पण शेजारी नुकतंच बिऱ्हाड आलंय आणि मधली भिंत इतकी पातळ, की गोळीचा आवाज पलीकडे गेल्याशिवाय राहणार नाही. मग ते तिघं, ज्याला मारायचंय त्याच्याच देखत, दुसरं काय करता येईल ते बोलू लागतात. सुरी नाही. पिस्तुलाच्या दस्त्याने मारायचं, तर ते तिघांचा म्होरक्या झेर्बिए याला नको आहे. शेवटी टॉवेलवर येऊन थांबतात.

ज्याँ-पिएर मेलव्हिलचा 'आर्मी ऑफ शॅडोज' हा जर्मनव्याप्त फ्रान्समधल्या प्रतिकार चळवळीवरचा १९६९चा फ्रेंच चित्रपट मी जितक्या वेळा पाहिला, तितक्या वेळा या खोलीत माझा श्वास अडकला. दूना ओरडत नाही, गयावया करत नाही. तो ऐकत असतो. आणि आपल्या लक्षात येतं की हे तिघंही यात नवखे आहेत. त्यांच्यातला सर्वांत कोवळा, ज्याला सगळे 'ल मास्क' म्हणतात, तो कोलमडतो. आपण हे पहिल्यांदाच करतोय, असं तो कसंबसं सांगतो. त्यावर झेर्बिए त्याला धीर देत नाही, देशाचं नावही घेत नाही. आम्हीही पहिल्यांदाच करतोय, एवढंच तो सांगतो. दूनाला मात्र तो वचन देतो की तुला त्रास होणार नाही. मग तिघांतला फेलिक्स टॉवेल आवळतो. सगळं उरकल्यावर मास्क म्हणतो, आपल्याकडून असं काही होईल असं वाटलं नव्हतं. झेर्बिएचं उत्तर तेच: मलाही नव्हतं वाटलं.

युद्धपटांत गद्दाराचा शेवट पाहताना प्रेक्षकाला बरं वाटावं अशी सोय सहसा केलेली असते. गद्दार आधीच ओंगळ दाखवलेला असतो, गोळी झटकन सुटते, कॅमेरा पुढे निघून जातो. मेलव्हिल यातलं काहीच करत नाही. दूना देखणा आहे, घाबरलेला आहे, आणि मारायला वेळ लागतो. तो सगळा वेळ आपल्याला त्या खोलीत बसून काढावा लागतो. पिएर लोमचं छायाचित्रण अख्ख्या चित्रपटाला निळसर, थंडीने गारठलेला रंग देतं. या घरातला उजेडही तसाच आहे, निर्दय नाही आणि दयाळूही नाही.

चित्रपटामागची कादंबरी जोसेफ केसेलने १९४३ साली, युद्ध चालू असतानाच लिहिली. मेलव्हिल स्वतः प्रतिकार चळवळीत होता. जन्माने तो ग्रुंबाख, अल्सासच्या ज्यू कुटुंबातला. मेलव्हिल हे आडनाव त्याने आवडत्या अमेरिकन कादंबरीकारावरून भूमिगत काळात घेतलं आणि पुढे तेच ठेवलं. चळवळ आतून जगलेल्या माणसाने पाव शतकानंतर तिच्यावर चित्रपट काढला, आणि त्यात एकही पूल उडत नाही, एकही आगगाडी रुळावरून घसरत नाही. संघटनेच्या हातून पडद्यावर मरतात ती माणसं मोजावीत: एक जर्मन पहारेकरी आणि आपलीच दोन माणसं.

त्या पहारेकऱ्याच्या प्रसंगाबद्दल फारसं बोललं जात नाही. पॅरिसमधल्या माजेस्तिक हॉटेलात, गेस्टापोच्या कचेरीत, झेर्बिए एका अनोळखी कैद्याशेजारी बाकावर बसलेला आहे. तो त्याला हळूच पळून जायला सुचवतो. क्षण येतो, झेर्बिए पहारेकऱ्याच्या गळ्यात सुरा खुपसतो, तो दुसरा बाहेर धावत सुटतो आणि बंदुका त्याच्या मागे लागतात. त्या गोंधळात झेर्बिए निसटतो. दुसऱ्याचं पुढे काय झालं, हे चित्रपट सांगत नाही. त्याला साथीदार म्हणून उठवलं की आमिष म्हणून? झेर्बिए साकारणाऱ्या लिनो व्हेन्तुराच्या दगडी चेहऱ्यावर याचं उत्तर सापडत नाही, आणि मला तरी वाटतं, झेर्बिएने स्वतःलाही ते कधी विचारलं नसावं. चित्रपटातली पहिली तडजोड अशी कुणाच्या नजरेत न येता होऊन जाते.

पळता पळता तो एका न्हाव्याच्या दुकानात शिरतो. भिंतीवर जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या मार्शल पेताँची भलामण करणारं पत्रक लावलेलं. म्हणजे वस्तरा शत्रूच्या हातात. दाढी होते, पैसे दिले जातात, आणि न्हावी काही न बोलता त्याच्या हाती वेगळ्या रंगाचा ओव्हरकोट ठेवतो. सेर्ज रेज्यानीची ही भूमिका काही मिनिटांचीच आहे, पण पुढच्या सगळ्या अंधारात एवढीच एक गोष्ट निखळ चांगली घडते, आणि ती करणारा माणूस संघटनेतला नाही.

चांगुलपणा संघटनेच्या आत आला की त्याचं काय होतं, ते संघटनेतल्या ज्याँ-फ्रांस्वाच्या कथेत दिसतं. फेलिक्स पकडला गेला आहे. लिओंच्या गेस्टापो तुरुंगातून त्याला सोडवायचा बेत त्यांची साथीदार माथिल्द हिने रचला आहे. जर्मन नर्सच्या वेषात ती रुग्णवाहिका घेऊन आत जाणार. पण हे फेलिक्सला आधी कळवायचं कसं? ज्याँ-फ्रांस्वा कुणालाही न सांगता स्वतःविरुद्धच निनावी पत्र पाठवतो आणि अटक करवून घेतो. साथीदारांना मात्र चळवळ सोडत असल्याची चिठ्ठी लिहून ठेवतो, कारण खरं सांगितलं असतं तर त्यांनी अडवलं असतं. माथिल्द आतपर्यंत पोचते, पण फेलिक्सची अवस्था हलवण्यापलीकडे गेलेली असते. रुग्णवाहिका रिकामी परत जाते. कोठडीत ज्याँ-फ्रांस्वापाशी सायनाइडची एकच गोळी आहे. माझ्याकडे आणखी आहेत असं खोटं सांगून तो ती फेलिक्सला देतो.

बाहेर त्याचे मित्र त्याला पळपुटा समजून बसलेत. त्यांना खरं कधीच कळणार नाही. त्याचा सख्खा भाऊ ल्युक जार्दी या संघटनेचा प्रमुख आहे, हे त्यालाही कधी कळलेलं नाही. ल्युकला छोट्या होडीतून पाणबुडीकडे नेणाऱ्यांत तो होता, पण रात्रीच्या काळोखात एकाने दुसऱ्याला ओळखलं नाही. गुप्तता या माणसांना वाचवते खरी, पण तीच त्यांच्याकडून साक्षीदारही काढून घेते. कोण कसा वागला हे सांगायला कुणी उरत नाही. मग एकमेकांबद्दल ठरवताना हाती राहतो तो फक्त अंदाज, आणि त्या अंदाजावर माणसं मारावी लागतात.

इथून आपण माथिल्दपाशी येतो. सिमोन सिन्योरेने ही बाई अशी उभी केली आहे की तिच्या हातात कुणीही डोळे झाकून जीव द्यावा. तिच्या नवऱ्याला आणि मुलीला तिच्या कामाचा पत्ता नाही. तिच्या पाकिटात मुलीचा फोटो आहे. तो जवळ ठेवू नकोस, असं झेर्बिएने बजावलेलं असतं. ती ठेवतेच. पकडल्यावर जर्मन तिच्यापुढे दोनच वाटा ठेवतात: नावं दे, नाहीतर मुलगी पोलंडच्या वेश्यागृहात जाईल. काही दिवसांनी माथिल्द सुटते, आणि पाठोपाठ संघटनेची माणसं पकडली जातात.

झेर्बिए तिला संपवायचा हुकूम देतो. धिप्पाड, एकनिष्ठ ल बिझाँ साफ नकार देतो. तिने ज्यांचे जीव वाचवले त्यांच्याच हातून हे व्हावं, हे त्याला सोसत नाही; तो झेर्बिएवरच उलटायच्या बेतात असतो. तेवढ्यात आतल्या खोलीतून ल्युक जार्दी बाहेर येतो. शांत आवाजात तो समजावतो: माथिल्दला आत्महत्या करता येत नाही, कारण मग मुलीवर सूड उगवला जाईल. म्हणून ती बाहेर आली आहे. आपण तिला मारावं, हेच तिला हवं आहे. बिझाँ मान खाली घालतो, तयार होतो. बिझाँ आणि मास्क गेल्यावर झेर्बिए विचारतो, तुमची खात्री आहे? ल्युक कबूल करतो की हा निव्वळ तर्क आहे. खराही असेल, किंवा तिला फक्त मुलीचं तोंड पाहायचं असेल.

सगळा चित्रपट माझ्यासाठी या कबुलीभोवती फिरतो. ल्युक हा तर्कशास्त्राचा विद्वान. झेर्बिए लपून बसलेला असताना त्याची पुस्तकं वाचतो, आणि त्या पुस्तकांची नावं प्रत्यक्षात ज्याँ कावाइयेस या गणितज्ञ-तत्त्वज्ञाच्या ग्रंथांची आहेत. कावाइयेसला जर्मनांनी १९४४ साली गोळ्या घातल्या. सिद्धतेवर आयुष्य वेचलेला माणूस इथे सिद्ध न होणारं विधान सिद्ध असल्यासारखं मांडतो, कारण त्याशिवाय बिझाँचा हात उठणार नाही. दूनाच्या वेळी कुणी काही सजवून सांगितलं नव्हतं. माथिल्दच्या वेळी सांगावं लागतं. मला वाटतं, या चित्रपटातली सर्वांत मोठी पडझड गोळी झाडण्यात नाही, या वाक्यात आहे: मरणाऱ्याचीच ही इच्छा आहे, असं मारणाऱ्याला पटवून देण्यात. आणि तरीही ल्युकला मी दोषी धरू शकत नाही. तो स्वतः त्या गाडीत बसायचं ठरवतो. प्रमुखाने मारेकऱ्यांच्या गाडीत बसावं, याने झेर्बिए हादरतो. पण स्वतःच रचलेल्या तर्काच्या समोर जाऊन बसण्यापलीकडे ल्युक दुसरं काय करू शकत होता?

रस्त्यावर माथिल्द त्यांना पाहते. सिन्योरेचे डोळे विस्फारतात. त्या नजरेत संमती शोधली तर सापडते, धक्का शोधला तर तोही.

मेलव्हिलचा भाऊ जाक १९४२ साली पिरेनीज ओलांडताना वाटाड्याच्या गोळीने मेला. युद्धानंतर खटला चालला. जखमी माणूस चालू शकत नव्हता, मागे सोडला असता तर सगळ्यांना धोका होता, असा बचाव वाटाड्याने केला आणि कोर्टाने त्याला सोडलं. मेलव्हिलने हे चित्रपटात कुठे आणलेलं नाही, आणि त्यावरून चित्रपटाचा अर्थ लावायला मी धजावणार नाही. पण हे समजल्यापासून, इतरांसाठी एकाला मारावंच लागलं हे ल्युकच्या बोलण्यातून जाणवतं, तेव्हा ते मला दोन्ही बाजूंनी ऐकू येतं.

१९६८च्या उठावानंतरच्या पॅरिसमध्ये या चित्रपटावर द गॉलची आरती ओवाळल्याचा आरोप झाला. लंडनमध्ये द गॉल ल्युकला पदक देतो तो प्रसंग आहे, हे खरं. पण तो थोडक्यात उरकतो, आणि ज्या टीकाकारांना त्यापलीकडे दूनाची खोली दिसली नाही, त्यांनी चित्रपट नीट पाहिला असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत तो थिएटरांत पोचायला २००६ साल उजाडलं.

शेवटी पडद्यावर मारेकऱ्यांच्या त्या गाडीतल्या चौघांच्या मृत्यूच्या तारखा येतात. झेर्बिएबद्दल लिहिलेलं असतं की १३ फेब्रुवारी १९४४ला त्याने या वेळी न धावायचं ठरवलं. आधी एकदा गोळीबाराच्या भुयारात जर्मनांनी कैद्यांना भिंतीकडे धावायला लावलं होतं. न धावण्याचा निश्चय करून उभा राहिलेला झेर्बिए पायाशी गोळ्या पडताच धावला होता, म्हणूनच माथिल्दच्या दोरापर्यंत पोचला आणि वाचला. तो अधिकारी आपण धावणार हे धरूनच चालला होता, ही बोच त्याला नंतर सतत खात राहिली. ज्या बाईने त्याला त्या भुयारातून ओढून काढलं, तिच्या मरणानंतर जेमतेम एक वर्ष तो जगला. चौघांच्या तारखा देणाऱ्या त्या पाट्या ल्युकचा तर्क खरा होता की नाही, याबद्दल एक अक्षरही सांगत नाहीत.