ऑक्साइड अर्धसंवाहकांची संगणकीय प्रतिमाने

झिंक ऑक्साइड, टिटॅनियम डाय-ऑक्साइड इ. अर्धसंवाहक ऑक्साइडांची स्फटिक संरचना व त्यांतील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या पुंजयामिकीच्या समीकरणांवरून संगणकाने काढण्याची पद्धती. तिला आधारभूत असलेला घनता फलनक सिद्धांत पीअर होहेनबर्ग व वॉल्टर कोन यांनी १९६४ मध्ये मांडला आणि १९६५ मध्ये कोन व एल्. जे. शॅम यांनी त्यास आकडेमोडीस सुलभ रूप दिले. असंख्य इलेक्ट्रॉनांच्या एकत्रित तरंगफलनाऐवजी त्यांची घनता ही मूलभूत राशी मानल्याने एरवी अशक्य असलेले गणित आवाक्यात आले. सिद्धांत तत्त्वतः अचूक आहे. तथापि त्यातील विनिमय-सहसंबंध ऊर्जेचे नेमके सूत्र अज्ञात असल्याने अंदाजी सूत्र वापरावे लागते.

याचे परिणाम झिंक ऑक्साइडात ठळकपणे दिसतात. त्याच्या षट्‌कोणी जालकाची मापे (३·२५ व ५·२१ अँगस्ट्रॉम) गणिताने सु. दोन टक्क्यांच्या आत मिळतात. उलट, संयुजा व संवहन पट्टांमधील प्रत्यक्ष ऊर्जा-अंतर सु. ३·४ इलेक्ट्रॉन व्होल्ट असताना साध्या सूत्रांनी ते जेमतेम ०·८ येते. जस्ताचे ३डी इलेक्ट्रॉन वाजवीपेक्षा वरच्या ऊर्जेला दाखविले जातात व ते संयुजा पट्टाला वर ढकलतात, हे त्याचे एक कारण आहे.

यावर उपाय म्हणून हार्ट्री-फॉक पद्धतीच्या विनिमय ऊर्जेचा काही अंश सूत्रात मिसळतात. नेहमीच्या २५ टक्के प्रमाणाने अंतर सु. २·५ इलेक्ट्रॉन व्होल्टच मिळते. म्हणून अनेक संशोधक ते प्रमाण सु. ३७·५ टक्क्यांपर्यंत वाढवितात. मापन हाती धरून उत्तर जुळविल्यावर त्या जुळणीस सिद्धांताचे यश म्हणता येत नाही. लार्स हेडीन यांची १९६५ मधील पद्धती अधिक तत्त्वशुद्ध आहे, परंतु तिला रिक्त पातळ्या फार मोठ्या संख्येने विचारात घ्याव्या लागतात. त्यांत काटकसर केल्यास उत्तर फसवे येते.

हा वाद केवळ आकड्यांपुरता नाही. झिंक ऑक्साइडातील नैसर्गिक ऋण संवाहकता ऑक्सिजनाच्या रिक्त जागांमुळे येते, असा समज दीर्घकाळ होता. त्या जागांची ऊर्जापातळी संवहन पट्टाच्या निकट की खोल, हे ऊर्जा-अंतर कसे सुधारले यावर अवलंबून राहिल्याने एकाच पदार्थाविषयी परस्परविरोधी निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ती पातळी खोल आहे, या मताकडे आता बहुसंख्य तज्ञांचा कल आहे. याउलट, बहुतेक अर्धसंवाहकांत प्रचलित संवाहकतेला विरोध करणारा हायड्रोजन येथे मात्र केवळ इलेक्ट्रॉन-दाता ठरतो, हे ख्रिस व्हॅन डी वॉले यांनी २००० मध्ये गणिताने दाखविले. २००२ मध्ये त्याला प्रायोगिक पुष्टी मिळाली.