एका अक्षरानं बाप बदलला

संगीतकाराचं चरित्र हातात घ्यायचं आणि नावाच्या एकेका अक्षरावर अडून बसायचं, हे रिकामटेकड्या प्राध्यापकांचं काम, असं आपले काही कार्यकर्ते म्हणतात. मोर्चा सोडून वेलांट्या कुठं मोजत बसता, असंही विचारतात. मित्रांनो, मोजाव्या लागतात. का, ते सांगतो.

१७४५ साली कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर एक पोरगा जन्मला. नाव जोसेफ. आई नानोन, आफ्रिकी वंशाची गुलाम. तिला आडनाव नाही. गुलामाला कोण आडनाव देतो? बाप गोरा मळेवाला, गुलामांचा धनी, जॉर्ज बोलोन्य द सॅं-जॉर्ज. पोरगा फ्रान्समध्ये शिकला. तलवारबाजीत गाजला, व्हायोलिनवर हुकमत मिळवली, १७७३ साली पॅरिसच्या एका नामांकित वाद्यवृंदाचा प्रमुख झाला. जग त्याला शेव्हालिए द सॅं-जॉर्ज म्हणतं. यातलं शेव्हालिए हे नाव नव्हे, किताब आहे.

तो १७९९ साली मेला. १८४० साली रोजे द बोव्वार या लेखकानं त्याच्यावर कादंबरी लिहिली. कादंबरीकारानं कल्पना लढवावी, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढच्या चरित्रकारांबद्दल आहे. त्यांनी कादंबरीच पुरावा म्हणून उचलली. जोसेफचा बाप म्हणून त्यांनी जां द बुलोन्य याला उभं केलं. हा १७५७ ते १७५९ फ्रान्सच्या तिजोरीचा कारभार पाहणारा मंत्री. त्याचा या पोराशी काही संबंध नाही. पण बोलोन्यच्या जागी बुलोन्य बसलं आणि बसलं ते बसलंच. रोमन लिपीत फरक किती, तर 'यू' हे एक अक्षर. आजही ध्वनिमुद्रिकांच्या पाकिटांवर ते सापडतं. जन्मसालाचं तेच. कुठं १७३९, कुठं १७४५. गाब्रिएल बानात या व्हायोलिनवादकानं २००६ सालच्या चरित्रात कागदपत्रं तपासून हा गुंता सोडवला, तोवर दीडशेहून अधिक वर्षं गेली होती.

आता कुणी म्हणेल, बाप हा काय नि तो काय, दोघंही गोरेच. नाही बाबा, तसं नाही. बाप मंत्री केला की मळा नाहीसा होतो. मळ्याबरोबर गुलामी जाते आणि गुलामीबरोबर नानोन जाते. उरतो एका बड्या घरचा हुशार मुलगा. मग त्याची कला ही थोर रक्ताची देणगी ठरते. आपल्याकडं हा डाव नवा आहे का? खालच्या माणसात गुण दिसला की त्याला वरचा बाप शोधायचा, ही पुराणातली जुनी खोड आहे.

सगळ्याच चुका मात्र सारख्या नसतात, हेही समजून घ्या. सॅं-जॉर्जच्या शेवटी कुणी 'एस' लिहितं, कुणी लिहीत नाही. फ्रेंचमध्ये तो उच्चारलाच जात नाही, आणि त्या काळी शुद्धलेखन सैलच होतं. त्यावर वाद घालणं खरंच रिकामपणाचं. ज्या अक्षरानं माणसाचा इतिहास बदलतो, त्यावर भांडायचं.

दुसरी गोष्ट आपल्याला कडू लागेल. त्याला 'काळा मोझार्ट' म्हटलं की आपली छाती फुगते. पण मोझार्ट जन्मला १७५६ साली, याच्यानंतर दहा वर्षांनी. मग मोझार्टला कुणी गोरा सॅं-जॉर्ज का म्हणत नाही? २०२२ सालच्या 'शेव्हालिए' सिनेमात तर हा भर सभेत व्हायोलिनवर मोझार्टला हरवतो. टाळ्या पडतात. पण अशी जुगलबंदी झाल्याची नोंद नाही. आपल्या बाजूची झाली तरी थाप ती थापच. विरोधकाच्या हाती एक थाप लागली की तो आपली खरी गोष्टही तिच्यासोबत फेकून देतो.

आणि खरी गोष्ट काय कमी आहे? १७७६ साली पॅरिसच्या ऑपेराचा कारभार त्याच्याकडं द्यायचं घाटत होतं. तिथल्या नामांकित गायिका-नर्तकींनी राणीकडं अर्ज केला, की संकरित रक्ताच्या माणसाचे हुकूम आम्ही पाळणार नाही. पद गेलं. हे वाचून आपल्याला कुठलंही भाषांतर लागत नाही. पॅरिसमध्ये एका रस्त्याला रिशपांस या सेनापतीचं नाव होतं. १८०२ साली ग्वादलूपमध्ये गुलामी पुन्हा लादायला फौज घेऊन गेला तो हा. २००१ साली ते नाव काढून सॅं-जॉर्जचं दिलं गेलं. थापेची गरज कुठं आहे?

आता आपल्या घरात या. आपल्या बापजाद्यांची नावं हजेरीपटावर कुणी चढवली? धोंडिबाचा धोंड्या मास्तरनं केला. जन्मतारीख विचारायची तसदी नको म्हणून अख्खी पिढी एक जूनला जन्मली. आपले जलसेकार, शाहीर, गायनपार्ट्यांतले पेटीवाले नि ढोलकीवाले यांची चरित्रं आता आपण लिहायला घेतोय. त्यातही ऐकीव गोष्टी, एकाचं गाणं दुसऱ्याच्या नावावर, गावाचं नाव चुकलेलं, बायकोचं नाव तर नाहीच. नानोनला निदान एक नाव उरलं.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' ही नोंद झाली. त्या एका ओळीवर आपण विद्यार्थी दिवस साजरा करतो. कागदाची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको.

तेव्हा वही घ्या. म्हाताऱ्या कलावंताच्या दारात जा. त्याचं नाव त्याच्या तोंडून ऐका, लिहा आणि त्यालाच वाचून दाखवा. चुकलं तर खोडा. आणि उठायच्या आधी त्याच्या आईचं नाव विचारा.